डाव्या बाजूचा दोष

न्यूझीलंडमधल्या टौरंगात ‘बंद आहे’ म्हणून विकायला निघालेले काही जुने स्टीरिओ रिसीव्हर मुळात बंद पडलेलेच नसतात. पुढच्या पट्टीवर ‘टेप मॉनिटर’ नावाचं एक बटण असतं. ते दाबलेलं राहिलं की सेट आपला आवाज मागच्या टेपडेककडे पाठवतो आणि तिकडून तो परत येईल म्हणून थांबतो. डेक जोडलेला नसेल तर डायल उजळतो, काटा सरकतो, स्टेशन बरोबर लागतं, पण स्पीकरमधून काहीच येत नाही. काही सेटच्या मागे ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ अशा दोन जोड्या असतात. त्यांना इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या धातूच्या कड्या जोडतात. घर बदलताना त्यातली एखादी कडी गळून पडते आणि एक बाजू मुकी होते. हॉस्पिसच्या मदतीसाठी चालणाऱ्या जुन्या सामानाच्या दुकानांत, ‘ट्रेड मी’ या लिलावाच्या संकेतस्थळावर, नाही तर ‘ते माउंगा’ इथल्या कचरा केंद्रात असे सेट येऊन पडतात. वीसेक किलोपर्यंतचं धड यंत्र एका बटणापायी भंगारात जातं.

म्हणून असे सेट दुरुस्त करणारे वायहीकर सेट उघडायची घाई करत नाहीत. आधी सगळी बटणं बाहेर काढायची, सगळे नॉब दोन्ही टोकांपर्यंत पुन्हा पुन्हा फिरवायचे, कड्या जागेवर आहेत का ते पाहायचं, हेडफोन लावून ऐकायचं. हेडफोनमध्ये दोन्ही बाजू नीट ऐकू आल्या आणि स्पीकरमध्ये एकच आली, तर स्पीकरचं बटण, रिले किंवा वायर यांच्यावर संशय घ्यायचा. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी निम्मी चौकशी पूर्ण झालेली असते.

वायहीकर हे नाव मी दिलेलं. आपलं नाव छापू नये अशी त्यांची अट होती. ते माउंट मॉंगानुईला राहतात, वय ऐंशीच्या आतबाहेर, आणि हे काम ते वायही या गावात शिकले. टौरंगाहून मोटारीने तासाभरात तिथे पोचता येतं. वायही सोन्याच्या खाणीसाठी प्रसिद्ध. पण तिथल्या मार्था खाणीचा जुना कारभार १९५२ साली आटोपला आणि त्यानंतर गावाला ज्यांनी हात दिला त्यात रेडिओचा कारखाना होता. कीथ रिग्ली यांनी १९३० च्या दशकात तिथे अ‍ॅक्रॅड नावाने रेडिओ बनवायला सुरुवात केली. पुढे त्याच गावात ‘पाय’ कंपनीच्या नावाने रेडिओ आणि टीव्ही तयार होऊ लागले. खाणीच्या गावात बायका आणि पुरुष रांगेने बसून कथील लावत होते.

हे इतक्या आडगावात का घडलं, त्याचं कारण आपल्याला ओळखीचं वाटेल. न्यूझीलंडने १९३८ च्या डिसेंबरात आयातीवर परवाना लावला. परकीय चलन वाचवायचं होतं. तयार रेडिओ बाहेरून आणणं कठीण झालं, सुटे भाग आणून इथेच जोडणं सोपं ठरलं. परवान्याची ही पकड १९८० च्या दशकापर्यंत टिकली. जपानी रिसीव्हर इथे मिळत, पण महाग, आणि घेतला की जन्मभर सांभाळायचा. भारतातली परवान्यांची आणि सीमाशुल्काची कहाणी वेगळी, पण परिणाम तोच. वस्तू दुर्मीळ, म्हणून दुरुस्ती अपरिहार्य. दोन्हीकडे एक पिढी अशी घडली की जिला यंत्र उघडायची भीती वाटत नव्हती.

आणखी एका बाबतीत टौरंगा आणि या गोष्टीतला सेट जिथून आला ती डोंबिवली शेजारी शोभतात. स्टीरिओ रिसीव्हर म्हणजे एकाच पेटीत ट्यूनर, प्री-अ‍ॅम्प्लिफायर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. हार्मन-कार्डनने १९५८ मध्ये पहिला स्टीरिओ रिसीव्हर आणला, अमेरिकेत १९६१ च्या जूनमध्ये एफएमवर स्टीरिओ प्रक्षेपण सुरू झालं, आणि ही पेटी त्यासाठीच वाढत गेली. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांमध्ये वॅटची स्पर्धा लागली. पायोनियरचा १९७८ चा एसएक्स-१९८० दर बाजूला २७० वॅट देत असे. पण हे सेट जेव्हा टौरंगातल्या बैठकीत आले तेव्हा न्यूझीलंडमध्ये एफएमची नियमित स्टेशनंच नव्हती, ती १९८० च्या दशकात आली. भारतात मद्रासला १९७७ मध्ये एफएम सुरू झालं, मुंबईकरांना एफएमचं वेड लागलं ते १९९३ मध्ये आकाशवाणीने तिथला वेळ खासगी निर्मात्यांना दिल्यानंतर. म्हणजे डायलवरची सगळ्यात लांब पट्टी, सेटमधला एक नाजूक भाग, दोन्ही गावांत वर्षानुवर्षं नुसता दिव्याने उजळत राहिला.

ज्या सेटमुळे मी वायहीकरांकडे पोचले, तो टौरंगाजवळच्या पापामोआत राहणाऱ्या एका काकांचा. काकाही नाव देऊ इच्छीत नाहीत. ते ऐन उमेदीत मस्कतला नोकरीला होते. तेलाचे भाव चढले तशी आपल्याकडची कितीतरी माणसं आखातात गेली, आणि सुट्टीला परतताना सोन्याखालोखाल त्यांनी जे आणलं ते टेपरेकॉर्डर आणि स्टीरिओ. काकांनी जपानी रिसीव्हर घेतला. दर बाजूला पंचेचाळीस वॅट, चांदीच्या रंगाची जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, अक्रोडी लाकडाची पेटी. विमानतळावर त्यावर जकात भरली आणि तो डोंबिवलीला आला. तिथे त्यावर विविध भारती लागे मीडियम वेव्हवर, कॅसेट वाजत, आणि गणपतीत त्याचे स्पीकर सोसायटीच्या मांडवात जात. मुलगा न्यूझीलंडला स्थायिक झाला, काका-काकू त्याच्याकडे आले, तेव्हा घरच्या सामानाबरोबर सेटही बोटीने आला.

“अरे, कुमारांच्या एलपी आहेत माझ्याकडे,” काकांनी मुलाला सांगितलं होतं, “त्या मी मोबाइलवर ऐकायच्या का?” मुलगा नवा सेट घ्यायला तयार होता. काकांना नवा नको होता.

तक्रार अशी होती. सेट सुरू केला की काही सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येऊन स्पीकर जोडले जात, ते आता कधी होई, कधी नाही. झालं तरी थोड्या वेळाने डावीकडून खरखर सुरू व्हायची, मग पुन्हा ‘टक्’ आणि सगळं शांत. उजवी बाजू आधी बारीक यायची आणि व्हॉल्यूम वाढवला की अचानक पूर्ण आवाजात उघडायची. डायलचे दोन दिवे गेलेले. ओळखीच्या एकाने सांगितलं होतं की जुन्या सेटचे सगळे कंडेन्सर बदलून टाका, म्हणजे प्रश्नच मिटतो.

हा सल्ला मला फार ठिकाणी ऐकायला मिळतो आणि तो घातक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. अशा सेटमध्ये इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच शंभराच्या घरात असू शकतात. सगळे बदलायचे म्हणजे काही शे डाग उकलायचे आणि पुन्हा द्यायचे. पन्नास वर्षांच्या सर्किट प्लेटवरचा तांब्याचा पट्टा उष्णतेने उचलला जातो, एखादा भाग उलटा बसतो, आणि मूळच्या एका दोषात नव्या तीन दोषांची भर पडते. शिवाय मूळ दोष कंडेन्सरमध्ये नसेल तर तो जिथल्या तिथेच. इलेक्ट्रोलिटिक वाळतात हे खरं. आतला द्रव उडून जातो, क्षमता घटते, अंतर्गत रोध वाढतो. पण तो रोध मोजायचं मीटर आता स्वस्तात मिळतं. मोजा आणि मग बदला. सेटने काय बिघडलंय ते सांगायच्या आधीच त्याच्यावर इलाज करत सुटणं ही दुरुस्ती नव्हे.

वायहीकरांच्या गॅरेजमधल्या टेबलावर सेट आला तो प्लग न लावताच. झाकण काढलं. आधी नाक जवळ नेलं, कारण जळलेल्या रेझिस्टरचा वास वर्षानुवर्षं टिकतो. मग बॅटरीच्या उजेडात प्लेटा पाहिल्या. त्या काळच्या जपानी सेटमध्ये मोठे भाग हलू नयेत म्हणून तपकिरी गोंद लावत. नवा असताना तो पिवळसर, निरुपद्रवी असतो. जुना झाला की काळपट पडतो, हवेतला ओलावा धरतो, थोडी वीजही वाहून नेऊ लागतो, आणि खाली सापडलेल्या भागांचे पाय खातो. पॉवर सप्लायच्या प्लेटवर हा गोंद होता. त्याखालच्या एका डायोडचा पाय हिरवा पडून केसाएवढा उरला होता. तो अजून तुटला नव्हता, तरी नोंदवून ठेवला.

मग मागची बाजू. आखाती बाजारासाठी बनलेल्या सेटला व्होल्टेज निवडायची सोय असे. ११०, १२०, २२० आणि २४०. अमेरिकेहून आलेल्या पुष्कळशा सेटना ती नसते आणि इथे ते वापरायला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. काकांच्या सेटची खूण २२० वर होती. वायहीकरांनी भिंतीतलं व्होल्टेज मोजलं. २३८ आलं. न्यूझीलंडमध्ये पुरवठा २३० व्होल्ट, सहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे २४४ च्या जवळपासही जाऊ शकतो.

“तिकडे कुठल्या खुणेवर होता?” त्यांनी विचारलं.

“इथेच. पण स्टॅबिलायझर होता ना. डोंबिवलीला त्याशिवाय कोण सेट लावील! इथे आल्यावर म्हटलं, वीज इतकी स्थिर आहे, आता कशाला?” काका म्हणाले.

वायहीकरांनी मान हलवली आणि कागदावर २२० आणि २३८ असे दोन आकडे लिहून त्यांच्याभोवती गोल केला. त्याचं महत्त्व मला तासाभराने कळलं.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज लॅम्पमधून. आपल्याकडच्या प्रत्येक रेडिओवाल्याच्या टेबलावर असतो तसाच, शंभर वॅटचा तारेचा दिवा सेटच्या वाटेत जोडलेला. वायहीकरांनी त्यासाठी जुने तारेचे दिवे जपून ठेवलेत. दिवा क्षणभर प्रखर झाला आणि मंदावला. म्हणजे मोठे कंडेन्सर भरले आणि आत कुठे शॉर्ट नाही. प्रखरच राहिला असता तर तिथेच थांबून आधी रेक्टिफायर आणि पॉवर ट्रान्झिस्टर तपासावे लागले असते. स्पीकर अजून जोडलेले नव्हते. अनोळखी सेटला स्पीकर शेवटी जोडायचे, कारण पॉवर ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट असेल आणि संरक्षण चाललं नाही तर थेट चाळीस व्होल्ट डीसी स्पीकरच्या कॉइलमध्ये जातो आणि ती जळते.

संरक्षण म्हणजे तो ‘टक्’ करणारा रिले. दोन्ही बाजूंचं आउटपुट शून्याजवळ आहे अशी खात्री पटेपर्यंत तो स्पीकर जोडत नाही. म्हणजे रिले लागत नाही ही तक्रार रिलेची नसून बहुधा रिलेला दिसलेल्या धोक्याची असते. कित्येक जण रिलेलाच दोष देऊन तो कायमचा जोडून टाकतात. वायहीकर या एका गोष्टीवर चिडतात. ज्या पहारेकऱ्याने घर वाचवलं त्यालाच तुम्ही बांधून ठेवता, असं ते म्हणाले.

रिलेच्या आधीच्या टोकावर मीटर लावला. उजवीकडे १२ मिलिव्होल्ट, उत्तम. पन्नासच्या आत असलं की चालतं. डावीकडे सुरुवातीला ७०, मग ११०, मग ४००, मग एक व्होल्टच्या पुढे, आणि तिथे रिले सुटला. दोष डाव्या बाजूला आणि तापल्यावर वाढणारा. आता तो नेमका कुठे? मागच्या कड्या काढल्या. त्याने प्री-अ‍ॅम्प्लिफायर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर वेगळे झाले. डावीकडचा आकडा तसाच चढत राहिला. म्हणजे व्हॉल्यूम, टोन, फोनो, ट्यूनर हे सगळे निर्दोष सुटले. एका हालचालीत सेटचा निम्म्याहून जास्त भाग संशयातून बाहेर पडला. दोष शोधण्याचं सगळं शास्त्र यातच आहे. अर्ध्यात तोडायचं, दोष कुठल्या अर्ध्यात राहिला ते पाहायचं, आणि त्या अर्ध्याचे पुन्हा दोन करायचे.

स्टीरिओ दुरुस्त करणाऱ्याला एक सोय असते, ती मोनो रेडिओवाल्याला कधीच नव्हती. इथे एकच सर्किट दोनदा बांधलेलं असतं, आणि बहुधा एक बाजू धड असते. सर्किट डायग्रामवर छापलेले आकडे कागदावरचे, पण उजवी बाजू म्हणजे याच सेटचे, आजचे, खरे आकडे. वायहीकरांनी उजव्या बाजूच्या प्रत्येक ट्रान्झिस्टरचे तिन्ही पाय मोजून एका रकान्यात लिहिले, शेजारच्या रकान्यात डाव्या बाजूचे. मी नुसती वाचून दाखवत होते. पॉवर ट्रान्झिस्टर सारखे, त्यांना चालवणारे सारखे, आणि अगदी पहिल्या पायरीवर, जिथे दोन ट्रान्झिस्टर जोडीने बसून येणाऱ्या आणि परत आलेल्या आवाजाची तुलना करतात, तिथे रकाने जुळेनात.

त्या जागी भिंग धरलं तेव्हा दिसलं की डाव्या जोडीतला एक ट्रान्झिस्टर मूळचा नव्हे. जोडीदार जपानी, ‘२एसए’ मालिकेतला. हा मात्र बीसी५५७. त्याचे पाय एकमेकांवरून वळवून, त्यावर प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या चढवून बसवलेले. शेजारी प्लेटवर पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं ‘लेफ्ट टीआर’ आणि एक पुसट तारीख. काकांना आठवलं. डोंबिवलीत स्टेशनजवळच्या एका मेकॅनिकने एकदा सेट दुरुस्त केला होता.

वायहीकरांनी ते काम बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, या माणसाला काम येत होतं. जपानी ट्रान्झिस्टरचे पाय बहुतेक वेळा एमिटर, कलेक्टर, बेस या क्रमाने असतात. बीसी मालिकेत बेस मधोमध असतो. हा फरक न कळता नुसता भाग बसवला तर तो चालूच होत नाही. त्या मेकॅनिकने तो ओळखून पाय फिरवले होते, नळ्या घातल्या होत्या, डाग आजही चकचकीत होते. त्या काळी लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत गेलं तर बीसी५५७ मूठभर मिळत आणि जपानी भाग शोधून मिळत नसे. हाताशी होतं त्यातलं जवळचं त्याने निवडलं आणि सेट पुढे वर्षानुवर्षं वाजला.

मग तो आता का बिघडला? इथे गोल केलेले ते दोन आकडे कामाला आले. बीसी५५७ ची कलेक्टर ते एमिटर सहनशक्ती ४५ व्होल्ट. या सर्किटमध्ये त्याच्यावर जवळजवळ पूर्ण पुरवठा पडतो, म्हणजे ४० व्होल्ट. स्टॅबिलायझर २२० च्या आसपास देत होता तोवर ४० चे ४० च राहत. टौरंगात २३८ मिळाल्यावर तेच आठ टक्क्यांनी वाढून ४३ च्या वर गेले. भाग लगेच मेला नाही. कडेवर राबत राहिला, गळू लागला, तापला की अधिक गळू लागला. इथली वीज वाईट नव्हती, मेकॅनिकचं कामही वाईट नव्हतं. स्टॅबिलायझर डोंबिवलीत राहिला आणि खूण २२० वरच राहिली, एवढंच.

खात्रीसाठी त्यांनी गार करणाऱ्या स्प्रेचा एक फवारा त्या ट्रान्झिस्टरवर मारला. मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला. सोल्डरिंग आयर्नचं टोक जवळ नेलं, पुन्हा चढला. जोडीदारावर फवारा मारला, फारसा फरक नाही. दोष सापडला.

कंडेन्सरमधली वीज उतरवली, तीही स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे, पाच वॅटच्या रेझिस्टरमधून, मीटर जवळजवळ शून्यावर येईपर्यंत. मग दोन्ही बाजूंच्या जोड्या बदलल्या. डावीच का नाही, असं काकांनी विचारलं. उत्तर असं की उजवीकडचे जपानी ट्रान्झिस्टरही वयाने खरखरू लागतात, आणि दोन्ही बाजूंना एकाच जातीचे, मोजून जुळवलेले भाग असले की पुढच्या दुरुस्तीत उजवी-डावी तुलना पुन्हा करता येते. केएसए९९२ हा ट्रान्झिस्टर निवडला. त्याची सहनशक्ती १२० व्होल्ट आणि पायांचा क्रम जपानी मूळ भागासारखाच. भाग मोठ्या अधिकृत वितरकाकडून मागवलेले. हे महत्त्वाचं, कारण जुन्या जपानी पॉवर ट्रान्झिस्टरच्या नावाने नकली माल जगभर फिरतो. वरचं नाव बरोबर, आतला सिलिकॉनचा तुकडा असायला हवा त्याहून बराच लहान. पूर्ण आवाजाला पहिल्याच दिवशी फुटतो.

गोंदाखालचा डायोड बदलला, गोंद खरवडून काढला. उजवी बाजू व्हॉल्यूम वाढवल्यावर उघडत होती त्याचं कारण रिलेच्या टोकांवर चढलेला थर. बारीक आवाजाची वीज तो थर भेदू शकत नाही, मोठ्या आवाजाची भेदते. टोकांना पॉलिश पेपर लावला तर वरचा मुलामा जातो, म्हणून नवा २४ व्होल्टचा रिलेच बसवला. मोठे फिल्टर कंडेन्सर मोजले, ते चांगले निघाले आणि जागेवरच राहिले. वीज सुरू करण्याआधी मागची खूण २४० वर आणली. पुन्हा सिरीज लॅम्प, पुन्हा मीटर. दोन्ही बाजूंना वीस मिलिव्होल्टच्या आत. मग पॉवर ट्रान्झिस्टरमधून आवाज नसतानाही जी थोडी वीज वाहावी लागते ती लावायची. ती कमी पडली तर बारीक आवाज फाटतो, जास्त झाली तर सेट तापतो. तिचा स्क्रू आधी किमान जागी ठेवून, सेट पंधरा मिनिटं तापू देऊन, मग सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत हळूहळू वर.

मुख्य विजेच्या बाजूचं काम वायहीकरांनी स्वतःच केलं आणि मला हात लावू दिला नाही. न्यूझीलंडच्या कायद्यात स्वतःच्या घरचं उपकरण दुरुस्त करायला सवलत आहे, पण मोबदला घेऊन दुसऱ्याचं करायचं तर नोंदणी आणि परवाना लागतो, आणि त्यांच्याकडे तो आहे. सेटच्या पाठीवर टर्नटेबलसाठी अमेरिकन पद्धतीचे दोन पिनांचे सॉकेट होते. त्यात इथे थेट २३० व्होल्ट येतात. ते त्यांनी आतून तोडून टाकले.

ट्यूनर तपासायला त्यांनी आधी एएम लावलं. टौरंगाच्या सतराव्या अ‍ॅव्हेन्यूवर हिस्टॉरिक व्हिलेज आहे, तिथून स्वयंसेवक ‘व्हिलेज रेडिओ’ नावाचं स्टेशन चालवतात आणि त्यावर जुनी गाणी लागतात. एएमवर अजून माणसं प्रेमाने काही वाजवतात हे कळून मला बरं वाटलं. काट्याच्या डायलचा एक मोठा फायदा इथे दिसतो. अमेरिकेत एएमची स्टेशनं दहा किलोहर्ट्झच्या अंतराने, इथे आणि भारतात नऊच्या. आकडे दाखवणाऱ्या अमेरिकन ट्यूनरला ती नीट पकडता येत नाहीत, काट्याच्या डायलला फरक पडत नाही. एफएमलाही असाच घोळ असतो. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेले रेडिओ ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन पुष्कळदा ९० लाच संपतात, म्हणून जपानहून आलेल्या जुन्या मोटारी चालवणाऱ्या न्यूझीलंडकरांना बँड बदलणारी डबी बसवावी लागते. काकांचा सेट निर्यातीचा, ८८ ते १०८ चा. लाल दिवा लागला, स्टीरिओ आला. काकूंनी तो दिवा याआधी कधी लागलेला पाहिलाच नव्हता.

मग एलपी. फोनोची पायरी सगळ्यात कडक परीक्षा घेते, कारण सुईकडून येणारा आवाज काही मिलिव्होल्टचा असतो आणि तो शेकडो पटींनी वाढवताना सेटमधली प्रत्येक खरखर त्याच्याबरोबर वाढते. काका खुर्ची पुढे ओढून बसले. तानपुरे सुरू झाले आणि त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, “डावा तानपुरा आला.” पुढे वीस मिनिटं कुणी बोललं नाही. वायहीकरांना या गाण्यातलं काही माहीत नव्हतं. पण सूर लांबवर धरून ठेवल्यावर आवाज जराही थरथरत नाही ना, हे ते कान देऊन तपासत होते, आणि बाजू संपल्यावर त्यांनी दुसरी बाजू लावायला सांगितली.

हे सगळं शक्य झालं कारण त्या कंपनीने सेटबरोबर सर्व्हिस मॅन्युअल छापलं होतं. त्यात पूर्ण सर्किट, प्रत्येक टोकाचं व्होल्टेज, प्रत्येक भागाचा क्रमांक, डायलची दोरी कुठल्या चाकावरून किती वेढे घेऊन जाते त्याचं चित्रसुद्धा. भाग सुटे आणि प्रमाणित होते, म्हणून डोंबिवलीचा मेकॅनिक पर्याय शोधू शकला आणि टौरंगातला म्हातारा त्याचं काम वाचू शकला. आजच्या ध्वनियंत्रात हे दोन्ही नाहीसं झालं आहे. न्यूझीलंडच्या १९९३ च्या ग्राहक हमी कायद्यात सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय वाजवी काळ मिळावी असं कलम आहे, पण विक्रीआधी ‘ती मिळणार नाही’ एवढं कळवलं की उत्पादक मोकळा होतो. ही पळवाट बुजवणारं विधेयक ग्रीन पक्षाच्या मरामा डेव्हिडसन यांनी संसदेत आणलं. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात कंपन्यांनी आपली माहितीपुस्तकं स्वतःहून द्यावीत अशी अपेक्षा आहे. मला वाटतं, अपेक्षा पुरेशी नाही. सर्किट डायग्राम ही विकलेल्या वस्तूचा भाग मानली पाहिजे, झाकणासारखी किंवा प्लगसारखी.

वायहीकरांच्या टेबलावर आता रोटोरुआचा एक सेट आहे. त्या गावात जमिनीतून गंधकाचा वायू सतत वर येतो, टौरंगाच्या खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजतं तशी तिथे चांदी काळी पडते. सेटमधल्या ट्रान्झिस्टरचे चांदीचा मुलामा दिलेले पाय काजळीसारखे झालेत, सिलेक्टर स्विचच्या टोकांवर काळा थर आहे. तो स्वच्छ होईल. अडचण वेगळी आहे. हा सेट सत्तरच्या दशकाच्या अखेरचा, त्यात दोन्ही बाजूंचे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर सॅन्योच्या एसटीके जातीच्या बंद ठोकळ्यात आहेत. डावा ठोकळा मेला आहे, तो आता बनत नाही, आणि त्या नावाने मिळणाऱ्या नव्या मालावर वायहीकरांचा विश्वास नाही. पण ठोकळ्याच्या आतलं सर्किट त्या काळच्या डेटाबुकमध्ये छापलेलं आहे. त्यावरून सुट्या ट्रान्झिस्टरची छोटी प्लेट बनवायची, तिचे पाय ठोकळ्याच्या पायांच्या जागी आणायचे आणि हीट सिंकला पाडलेली मूळ भोकंच वापरायची, असं त्यांनी ठरवलं आहे. प्लेटची रेषा आखून झाली आहे. ट्रान्झिस्टर मागवलेत.